वडिलांना कार्ड, तुम्हाला पॉलिसी

धायरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझं वय ३९. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, पगार ४६ हजार. बायको ३५, घरून पोळी-भाजीचे डबे देते. मुलगी ९ वर्षांची. आई-वडील सासवडजवळ गावी असतात. वडील ७१, मधुमेह आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. आई ६४, तिला फक्त बीपी. रेशनकार्ड केशरी. धाकटा भाऊ रांजणगावला कामाला, पगार १९ हजार. कंपनीकडून मला, बायकोला आणि मुलीला मिळून ३ लाखांची पॉलिसी आहे. एजंटने पाचही जणांचा वर्षाचा १ लाख १२ हजार हप्ता सांगितलाय, त्यातले वडिलांचेच ६२ हजार. मित्र म्हणतो, सरकार ५ लाखांपर्यंत फुकट करतं, वर सरकारी ससून रुग्णालय आहेच, पैसे कशाला घालवतोस? काय करू?"

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. तुम्हा तिघांची पॉलिसी घ्या. वडिलांची घेऊ नका. आईचं उत्तर धाकट्या भावावर अवलंबून आहे. त्याचा पगार तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त कामाची गोष्ट तीच वाटली.

मी ११ वर्षं पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात कॅशलेसच्या काउंटरवर बसत होते आणि गेली १३ वर्षं विमा सल्लागार म्हणून काम करतेय. म्हणजे काचेच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. पॉलिसी विकली की मला कमिशन मिळतं, तेव्हा 'वडिलांची घेऊ नका' हे मी स्वतःच्याच पोटावर पाय देऊन सांगतेय, एवढं लक्षात असू द्या.

तुमचा मित्र आणि एजंट दोघंही पाच माणसांना एकाच मापाने मोजताहेत. सरकारी योजना दारात उभ्या असलेल्या माणसाला वय विचारत नाही, जुना आजार विचारत नाही. आज कार्ड काढलं आणि उद्या बायपास लागली तरी चालतं. खासगी कंपनी मात्र आधी हेच दोन प्रश्न विचारते आणि उत्तर आवडलं नाही तर हप्ता वाढवते, वाट बघायला लावते किंवा सरळ नाही म्हणते. म्हणून ज्याला खासगी पॉलिसी अजून रास्त भावात मिळतेय त्याने ती घ्यावी आणि ज्याची वेळ गेली त्याचा भार सरकारी योजनेवर टाकावा. लोक नेमकं उलटं करतात. आई-वडिलांच्या काळजीपोटी त्यांचा महाग हप्ता भरतात आणि 'मला काय होतंय' म्हणून स्वतःचा राहू देतात.

आता मित्राचं म्हणणं घेऊ. ते खोटं नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती आणि पांढऱ्या कार्डाला सहसा प्रवेश नव्हता. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली, २०२० मध्ये दोन्ही जोडल्या गेल्या, आणि जुलै २०२४ पासून राज्यात पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न ठेवता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळालं. म्हणजे तुम्ही धायरीत पांढरं कार्ड काढलंत तरी योजनेत आहात. ॲंजिओप्लास्टी, बायपास, केमोथेरपी, रेडिएशन, डायलिसिस हे सगळं यात बसतं. माझ्या डोळ्यांसमोर अशी कुटुंबं या योजनेवर तरली आहेत ज्यांना पूर्वी जमीन विकावी लागली असती.

पण हे ५ लाख म्हणजे बँकेतले ५ लाख नव्हेत. ते फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात चालतात, आणि तिथेही प्रत्येक विभागात चालतीलच असं नाही. एखादं हॉस्पिटल कॅन्सरसाठी अंगीकृत असतं आणि हृदयासाठी नसतं. दारावर योजनेचा फलक बघून लोक आत शिरतात आणि मग काउंटरवर भांडतात. उपचारांची यादी ठरलेली आहे, दर ठरलेले आहेत, काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही योजना पूर्ण कॅशलेस आहे. आधी खिशातून भरलं आणि नंतर बिल सादर करून परत मिळवलं, असं इथे होत नाही.

यावरून एक रात्र आठवते. मी काउंटरवर असतानाची गोष्ट आहे. साठीच्या एका गृहस्थांना पहाटे तीनच्या सुमाराला छातीत दुखतं म्हणून आणलं. मुलाने जवळचं हॉस्पिटल गाठलं, ते आमचं. आम्ही योजनेत नव्हतो. मुलगा डिपॉझिट भरून मोकळा झाला, सकाळी स्टेंट बसला, तिसऱ्या दिवशी बिल हातात आलं तेव्हा त्याने खिशातून केशरी कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "मॅडम, हे चालेल ना?" मी नाही म्हटलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते अजून विसरले नाही. दोन-तीन किलोमीटरवर दुसरं हॉस्पिटल होतं, हृदयविभागासकट योजनेत. त्या मुलाचं काही चुकलं नाही. पहाटे तीनला कोण यादी बघतं? यादी आधी बघायची असते, घरात सगळे धडधाकट असताना.

तर तुमचं पहिलं काम हे. गावाकडून दिवे घाट उतरून हडपसरच्या बाजूला आलं की हृदयविभागासाठी अंगीकृत असलेलं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधा. १५५३८८ हा योजनेचा मोफत क्रमांक आहे. तेवढ्यावर थांबू नका. एखाद्या दुपारी तिथे प्रत्यक्ष जाऊन आरोग्यमित्राच्या टेबलाशी उभे राहा. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचं काम बघणारा हा माणूस असतो. त्याला विचारा, हृदयरोग चालू आहे का, रात्री दाखल झालं तर काय करायचं, कागद कोणते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागून देता येतात, पण 'मी योजनेतून आलोय' हे पहिल्या तासात सांगावं लागतं. आत शिरताना कॅश पेशंट म्हणून सही केलीत की तिथून मागे फिरणं फार जिकिरीचं होतं. आणखी एक. एकाच उपचारासाठी योजनेचं पॅकेजही घ्यायचं आणि वरून पॉलिसीही वापरायची, असं जोडकाम होत नाही. योजनेतल्या रुग्णाकडून हॉस्पिटलला वेगळे पैसे घेताच येत नाहीत. दारातच काय ते ठरवावं लागतं.

कागदांचं म्हणाल तर निम्मी गाडी नावावर अडते. आधारवर 'दत्तात्रय', रेशनकार्डावर 'दत्तू', आडनावात एकीकडे ऱ्हस्व आणि दुसरीकडे दीर्घ. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांत हे घरोघरी असतं. वडिलांचं आणि आईचं आधार, रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

वडील ७१ चे आहेत म्हणजे त्यांना आणखी एक दार उघडं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. वय आधारवरून धरतात. आयुष्मान ॲपवर किंवा अंगीकृत रुग्णालयात ते निघतं, पैसे लागत नाहीत. कोणी शे-दोनशे मागितले तर देऊ नका.

ससूनबद्दल. पुण्यात 'ससूनला टाकलं' असं म्हणायची एक वाईट खोड आहे, जणू माणूस टाकून दिला. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली उभं राहिलेलं हे रुग्णालय आजही भाजलेल्या, अपघातातल्या, विषबाधेच्या रुग्णांसाठी मी पहिल्या तीनांत धरेन, कारण तिथले निवासी डॉक्टर एका महिन्यात जेवढे असे रुग्ण बघतात तेवढे मोठमोठ्या हॉस्पिटलांत वर्षात येत नसतील. तिथली टंचाई डॉक्टरांच्या हुशारीची नाही. ती खाटांची आहे, स्ट्रेचर ढकलणाऱ्या हातांची आहे, आणि बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांची आहे. रुग्णासोबत दिवसरात्र एक धडधाकट माणूस लागतो. रक्त पोचवायला, रिपोर्ट आणायला, रांगेत उभं राहायला. तुम्ही आठ दिवस चाकणला गेला नाहीत आणि बायकोचे डबे बंद पडले तर तो खर्चही 'फुकट' उपचारात धरा. ज्या घरात असा मोकळा माणूस आहे त्या घराला ससून परवडतं. आणखी एक बारकावा: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार निःशुल्क आहेत, म्हणून औंधच्या जिल्हा रुग्णालयात पैसे लागत नाहीत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे थोडेफार पैसे पडतात. महापालिकेची शहरी गरीब योजना तुमच्या पगारात बसणार नाही, ती सोडून द्या.

धर्मादाय रुग्णालयांचं मात्र वडिलांसाठी लक्षात ठेवा. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो आजारपणात धावपळ करून मिळत नाही. सासवडला एक चक्कर मारून वडिलांच्या नावाचा दाखला काढून ठेवा. हॉस्पिटलात गेल्यावर बिलिंगशी वाद घालत बसू नका, समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा. ही खोली बहुतेक वेळा तळघरात किंवा जिन्याखाली असते, का ते मला आजवर कळलेलं नाही.

आता भाऊ. पगार १९ हजार, म्हणजे २१ हजारांच्या आत, म्हणजे त्याचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असणार. १९ हजारांवर पाऊण टक्का, महिन्याला १४३ रुपये. मालक सव्वातीन टक्के भरतो. या १४३ रुपयांत फक्त भाऊच बसतो असं तुम्ही धरून चाललाय. तसं नाही. कामगारावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्याच्या कुटुंबात धरले जातात, अट एवढीच की त्यांचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला ९ हजारांच्या वर नसावं. बहुतेक मुलं नोकरीला लागताना फॉर्ममध्ये आई-वडिलांचे रकाने रिकामे सोडतात, कारण एचआरमधला माणूस घाईत असतो आणि विचारत नाही. भावाला त्याच्या कार्डावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघायला सांगा. नसतील तर आधार देऊन घालून घ्या. वडिलांची अंजीर-सीताफळाची बाग असेल आणि उत्पन्न खरंच ९ हजारांवर जात असेल तर मात्र खोटं लिहू नका, तो उद्योग भावाच्या अंगाशी येईल.

ईएसआयला नाकं मुरडणारे खूप भेटतात. बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातली रांग मीही पाहिली आहे. पण एक गोष्ट तिथे मिळते जी ना फुले योजनेत मिळते, ना तुमच्या एजंटच्या पॉलिसीत: रोजची औषधं. वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्या, रक्त पातळ राहण्याची गोळी, आईची बीपीची गोळी, दर महिन्याला. भरती न होता होणारा हा खर्च वर्षाकाठी किती जातो याचा हिशेब घरात कुणी मांडलेला नसतो. मेडिकलच्या वर्षभराच्या पावत्या एकदा जोडून बघा. भावाचा पगार २१ हजारांच्या पुढे गेला की हे संपेल, तेही लगेच नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाह्या असतात. मध्येच पगार वाढला तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात चालू राहते.

म्हणून आईचा निर्णय मी भावावर सोडला. ईएसआयमध्ये नाव लागलं तर तिची पॉलिसी सध्या राहू द्या. नाही लागलं आणि वर्षाला पंचवीस-तीस हजार खरोखर बाजूला पडत असतील, तर फक्त तिच्यासाठी ५ लाखांची साधी पॉलिसी बघा. आरोग्य संजीवनी नावाची पॉलिसी बहुतेक सगळ्या कंपन्यांकडे असते, अटी सगळीकडे त्याच. दाव्याचे ५ टक्के आपण भरायचे, खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या २ टक्के पण दिवसाला जास्तीत जास्त ५ हजार. फार ऐटीची नाही, पण फसवणारीही नाही. एक बीपी सोडलं तर आईला आज काही नाही, म्हणजे ती अजून दारात आहे. मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा असल्या ठरावीक आजारांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, गुडघे बदलायला तीन वर्षांपर्यंत. गुडघे कुरकुरायला लागल्यावर घ्यायची तर तेव्हा फॉर्मवर तसं लिहावं लागेल.

वडिलांच्या ६२ हजारांचा हिशेब मांडून दाखवते. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी तुम्हाला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते. पूर्वी हे चार वर्षं होतं, एप्रिल २०२४ पासून तीनवर आणलं. वडिलांना हॉस्पिटलात जावं लागलं तर ते कशाने जावं लागेल? बहुतेक हृदयाने किंवा साखरेने. म्हणजे तीन वर्षांत १ लाख ८६ हजार भरायचे आणि ज्याची भीती आहे नेमकं तेच त्या काळात बाहेर. शिवाय या वयाच्या पॉलिसीत दाव्याचे काही टक्के, बरेचदा २०, आपण भरायची अट असते. कोटेशनमध्ये ती तिसऱ्या-चौथ्या पानावर शोधा. साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आता विमा नियामकाला विचारावं लागतं, पण दरवर्षी १० टक्केसुद्धा काही कमी नाहीत. त्यापेक्षा महिन्याला ५ हजारांचं आवर्ती खातं वडिलांच्या नावाने काढा. तीन वर्षांत १ लाख ८० हजार, वर व्याज. ते मोडायचे कधी? पहिल्या रात्री जवळच्या हॉस्पिटलात प्राण स्थिर करून घेण्यासाठी, अँब्युलन्ससाठी, योजनेची मंजुरी येण्याआधीच्या तपासण्यांसाठी, गावाहून आलेल्या माणसांच्या जेवणखाणासाठी. मोठा खर्च कार्ड उचलेल.

आता तुम्ही तिघं. 'कंपनीची आहे की' असं म्हणाल. ३ लाखांची कंपनीची पॉलिसी घेऊन जहांगीर-रुबीसारख्या महागड्या हॉस्पिटलांच्या रस्त्याला लागू नका, आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी एचआरला विचारा. अशा पॉलिसीत बरेचदा १ टक्का असते, म्हणजे दिवसाला ३ हजार. समजा, तुम्ही ६ हजारांची खोली घेतली, पाच दिवस. तुमचा हिशेब: वरचे १५ हजार आपले, बाकी कंपनी. बिल असं येतं: खोली ३० हजार, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १ लाख २० हजार, औषधं आणि इम्प्लांट ८० हजार. एकूण २ लाख ३० हजार. तुम्हाला लागू होती त्याच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली म्हणून कंपनी खोलीचेही निम्मे देते आणि सर्जन-थिएटरचेही निम्मे. औषधं आणि इम्प्लांट पूर्ण. हातात पडतात १ लाख ५५ हजार. खिशातून ७५ हजार, ग्लोव्हज-डिस्पोजेबल असल्या न मिळणाऱ्या बाबी वेगळ्याच. मी काउंटरवर ज्या लोकांना रडताना पाहिलं त्यांतल्या बऱ्याच जणांचा दावा मंजूर झालेला होता. खोली महाग निवडली, एवढंच.

दुसरं, नोकरी गेली की कंपनीची पॉलिसी जाते. चाकणचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त अनुभव असेल. पंचेचाळिशीत नोकरी सुटली, तोवर साखर निघाली, तेव्हा नव्याने दारात उभं राहायचं का? कंपनी सोडताना त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि थांबण्याची उलटलेली वर्षं धरली जातात, पण हे माहीत असणारे हजारात पाच.

म्हणून तिघांची मिळून १० लाखांची, खोलीच्या भाड्याला मर्यादा नसलेली, आपण काही टक्के भरायची अट नसलेली फॅमिली फ्लोटर घ्या. तुमच्या वयात हप्ता वीस-बावीस हजारांच्या आसपास बसावा. कोटेशनवर जीएसटी लावलेला असेल तर एजंटला परत पाठवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर तो शून्य आहे. आणि 'टॅक्स वाचतो साहेब' याला भुलू नका. हप्त्यावरची ८०डी कलमाची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत तुमच्या पगारावर तसाही कर लागत नाही. हे वीस हजार जमतच नसतील तर कंपनीच्या ३ लाखांवर १० लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे पहिल्या ३ लाखांच्या वरचा खर्च उचलणारी पॉलिसी, घ्या. तो काही हजारांत येतो, पण नोकरी गेल्यावर पहिले ३ लाख आपल्याला उभे करावे लागतील हे माहीत असू द्या.

फॉर्म स्वतः भरा. एजंटला 'तुम्हीच भरा, मी सही करतो' म्हणू नका. तीन वर्षांपूर्वी पित्ताशयात खडा निघाला होता आणि नंतर काही त्रास नाही, असं असेल तरी लिहा. एजंट म्हणेल, राहू द्या, हप्ता वाढेल. पाच वर्षं, म्हणजे ६० महिने, पॉलिसी अखंड चालली की आजार लपवला या कारणावरून कंपनीला दावा सहसा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण त्या पाच वर्षांतली जोखीम तुमचीच असते.

आणि हॉस्पिटलात दाखल होताना कोण काय बोलतं याकडे लक्ष द्या. रात्री ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, बीपी कधीपासून? सोबतचा मेहुणा म्हणतो, "बरीच वर्षं आहे." डॉक्टर लिहितो, दहा वर्षं. बीपी निघून झालेलं असतं दीड वर्ष, पॉलिसी तीन वर्षांची. त्या एका शब्दावर दावा अडकतो आणि मग जुने केसपेपर शोधत घरभर कपाटं उपसायची. ज्याला तारखा माहीत आहेत त्यानेच बोलावं, बाकीच्यांनी चहा आणायला जावं.

दावा अडलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत विमा लोकपालाचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. मी पाठवलेल्यांपैकी बरेच जण आधी म्हणाले होते, "तिथे काय होणार?" रविवारी जवळच्याच तुळशीबागेत खरेदीला तासभर फिरतील, पण या जिन्याची पायरी चढायला नको असते.

तर या आठवड्यात एवढं करा. भावाला फोन करून ईएसआयच्या कार्डावरची नावं विचारा. शनिवारी गावी जाऊन वडिलांचं वय वंदना कार्ड काढा, जाता-येता हडपसरच्या आरोग्यमित्राला भेटा आणि त्या रुग्णालयाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवा, गावच्या घरीही आणि शेजाऱ्यांकडेही. एजंटला सांगा, तिघांचंच कोटेशन हवंय, नवं. तो वडिलांना वगळू नका म्हणून गळ घालेल. घालू द्या.